बीड तोडता तोडता गुडघ्याच्या स्क्रूपर्यंत

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मी साडेचार वर्षं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तोडलं. दुसरं काही नाही, तेवढंच. प्रत्येक हीटचा, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचा, टेस्ट बार यायचा, लेथवर टर्न व्हायचा, यूटीएमच्या (ओढून तोडणाऱ्या यंत्राच्या) जॉमध्ये, म्हणजे पकडीत, धरायचा, व्हॉल्व्ह उघडायचा. टक् झालं की आलेला भार क्षेत्रफळानं भागायचा. एफजी २६० चा माल असेल तर २६० मेगापास्कलच्या वर पास, खाली आला तर मेल्टिंगवाल्यांना फोन. कोल्हापुरात मेकॅनिकल केलेल्या पोरापोरींना हे काम नवीन नाही.

आता मी गोकुळ शिरगावच्या बाजूला एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, नव्यानं बसवतात तेव्हा ते हाडात धरून ठेवायला जे स्क्रू, बटनं, लूप वापरतात ते ओढून बघायचं हे काम. ओळखीतली मुलं विचारतात, "मॅडम, त्या लाइनला कसं यायचं? बायोमेडिकलची डिग्री लागते का?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. डिग्रीचं उत्तर 'नाही' आहे. बाकीचं उत्तर लांब आहे.

सुरुवात माझ्या चुलतभावापासून झाली. तो पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचा. तालीम म्हटली की बाहेरच्यांना कुस्ती आणि खासबाग आठवतं, पण आमच्याकडं तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठा ओस पडतात. पळता पळता हा वळला, कुणी अंगाला हातसुद्धा लावला नव्हता, आणि खाली बसला. गुडघ्यात काहीतरी 'फट्' वाजलं म्हणाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलं निघालं. डॉक्टरांनी समजावलं की हे लिगामेंट मधोमध तुटलं की बहुतेक वेळा शिवून टिकत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूचे (हॅमस्ट्रिंगचे) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, काढून त्यांची चार पदरी दोरी करायची, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडायचे, दोरी ओवायची आणि दोन्ही टोकांना पक्की करायची. त्यांनी टेबलावरचा नमुन्याचा स्क्रू माझ्या हातावर ठेवला. लांबी माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी.

मी विचारलं, "किती किलोला सुटतो हा?"

डॉक्टर हसले. "ते तुम्ही इंजिनिअर लोकांनी आम्हाला सांगायचं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते मला बरेच दिवस टोचत राहिलं. फौंड्रीत कुठल्याही ब्रॅकेटचा आकडा मी तोंडपाठ सांगत होते.

ते आकडे आधी सांगते, कारण इथूनच सगळ्यांचा गोंधळ सुरू होतो. तरुण माणसाचं शाबूत एसीएल मोडायला साधारण २१६० न्यूटन लागतात, म्हणजे २२० किलोच्या आसपास. हा १९९१ साली वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजलेला आकडा. त्याच अभ्यासात साठीच्या पुढच्या गुडघ्यांचा आकडा ६५८ न्यूटनवर आला होता. चार पदरी हॅमस्ट्रिंगची दोरी ४००० न्यूटनच्याही पुढं जाते. वाटीखालच्या टेंडनची १० मिमी रुंद पट्टी ३००० च्या जवळपास. म्हणजे नवी दोरी जुन्या लिगामेंटपेक्षा दणकट. मग अडतं कुठं? धरण्यात. २००३ साली कौसा आणि मंडळींनी डुकराच्या गुडघ्यांवर त्या काळातली साधनं ओळीनं तपासली. मांडीच्या बाजूला ती साधारण ५५० ते ११०० न्यूटनमध्ये सुटली, नडगीच्या बाजूला ४७० पासून १३३० पर्यंत. पोलादी साखळीला शेवटी सुतळीची गाठ मारावी तसला हा मामला. साखळी कितीही जाड घ्या, सुटणार गाठच.

रोजच्या चालण्या-उतरण्यात या लिगामेंटवर किती भार येतो? अभ्यासक फार पूर्वीपासून साडेचारशे न्यूटनच्या आसपासचा अंदाज धरत आलेत. ४७० आणि ४५० यांच्यातली फट बघा. फौंड्रीत एवढ्या सेफ्टी फॅक्टरवर कुणी ड्रॉइंगवर सहीसुद्धा केली नसती.

तरी हे चालतं, कारण साधनाला जन्मभर भार घ्यायचा नसतो. भावाला मी हे स्लॅबच्या भाषेत सांगितलं. स्क्रू म्हणजे सेंट्रिंग. काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून टेकू द्यायचा, पुढं स्लॅब आपल्या जिवावर उभा. हाडाचा तुकडा हाडात जुळायला साधारण सहा आठवडे, टेंडन हाडाला धरायला आठ ते बारा. त्यात वाईट गोष्ट अशी की त्याच काळात दोरी स्वतःही कमजोर होत असते; रक्तपुरवठा तुटलेला असतो, शरीर ती आतून पुन्हा विणत असतं. आणि नेमकं सहाव्या आठवड्यात पेशंटचं दुखणं थांबतं. आमच्या हिरोला तेव्हा सायकलवरून जोतिबाला जायचं होतं. काकूंनी सायकलची हवा सोडून ठेवली.

१९९३ साली रोडिओ यांनी कुत्र्यांवर केलेला याबद्दलचा प्रयोग मला फार आवडतो. टेंडन हाडाच्या बोगद्यात बसवलं आणि ठरावीक आठवड्यांनी ओढून पाहिलं. आठव्या आठवड्यापर्यंतचे नमुने बोगद्यातून निसटले. बाराव्या आठवड्यापासून निसटायचे बंद झाले. टेंडन मधेच फाटलं किंवा यंत्राच्या पकडीतून सुटलं. 'यंत्राच्या पकडीतून सुटलं' हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मी सरळ पुढं गेले होते. त्यांचा अर्थ कळायला स्वतःचं नाक कापून घ्यावं लागलं.

नोकरी बदलून इथं आले तेव्हा लॅबमध्ये चाळीस टनी यूटीएम होतं, फौंड्रीत असायचं तसंच. मला वाटलं, यंत्र तर ओळखीचं आहे. ओळखीचं होतं हाच घोटाळा झाला. ४०० किलोन्यूटनच्या यंत्रावर ५०० न्यूटन मोजायचे म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवायचं. काटा हलतो, पण तो सांगतो त्याला अर्थ नसतो. शिवाय हायड्रॉलिक यंत्र हातानं एकदा ओढतं; सेकंदाला एक याप्रमाणं हजार वेळा ओढ-सोड त्याला जमत नाही. आम्हाला ५ किलोन्यूटनचा लोडसेल (भार मोजणारा सेन्सर) असलेलं वेगळं यंत्र घ्यावं लागलं. मिरजेत यूटीएम बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळं आपल्या भागात यंत्राची माहिती असणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, ही एक सोय. तुम्ही कुठंही इंटरव्ह्यूला गेलात तर लोडसेल किती क्षमतेचा आहे आणि शेवटचं कॅलिब्रेशन कोणत्या भारापासून केलंय, हे दोन प्रश्न विचारा. समोरच्याचा चेहरा बघूनच लॅब कळते.

आता नाक कापल्याची गोष्ट. बटन नावाचं साधन असतं. टायटॅनियमची बारकी पट्टी, साधारण १२ मिमी लांब आणि ४ मिमी रुंद, आणि तिला चिवट पॉलिथिलीन धाग्याचा लूप. लूपमधून टेंडन ओवायचं, बटन मांडीच्या हाडाच्या बाहेर नेऊन आडवं टाकायचं, की ते हाडाच्या कडक सालीवर अडकून बसतं. दाराच्या आतून घातलेला अडसर समजा. एका कंपनीचे सहा बटन आमच्याकडं तपासायला आले. बटन पोलादी प्लेटवर टेकवायचं, लूपमधून ८ मिमीची पिन घालायची आणि ओढायचं. टेंडनची भानगड नाही, अगदी सोपी टेस्ट. पहिला लूप ६०० च्या आसपास तुटला. दुसरा ६४० ला. तिसरा ५९० ला. ग्राहक म्हणत होता हजाराच्या वर जायला पाहिजे. मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहायला घेतला होता: धागा निकृष्ट.

आमच्या लॅबमध्ये उद्यमनगरात आयुष्य काढलेले एक फिटर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते चहा घेऊन आले, तुटलेले तीन लूप बघितले, आणि काही न बोलता पिनवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"मॅडम, तिन्ही एकाच जागी तुटल्यात न्हवं?"

तिन्ही पिनच्या उजव्या कडेलाच तुटले होते.

"बर्र हाय की हितं. धागा तुटला न्हाई, कापलाय."

मशिनिंगनंतर राहिलेली बारीक धार. नखाला लागत होती, माझ्या डोळ्याला दिसली नव्हती. मामांनी पिन पॉलिश करून दिली, पुढचे तीन लूप हजाराच्या वर गेले. पहिल्या तीन नमुन्यांचे पैसे आमच्या लॅबनं भरले आणि मालकांनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. तीन नमुने मी पिनवरच्या बर्रची ताकद मोजत बसले होते, आणि यंत्रानं ती अगदी बिनचूक मोजली होती.

या कामातली नव्वद टक्के अक्कल या एका प्रसंगात आहे असं मला वाटतं. बीडाच्या बारमध्ये तोडायला एकच गोष्ट असते. इथं पकड, टेंडन, टाके, लूप, स्क्रू, हाड, फिक्स्चर अशी सात-आठ कड्यांची साखळी असते आणि यंत्र तुम्हाला फक्त सगळ्यात कच्च्या कडीचा आकडा देतं. कडीचं नाव ते सांगत नाही. ते तुम्ही बघायचं. म्हणून आमच्या शीटमध्ये आकड्याच्या आधी 'कसं सुटलं' हा रकाना आहे आणि त्यात 'फेल' एवढंच लिहिलेलं मी परत पाठवते. टेंडन स्क्रूजवळून सरकलं? धाग्यांच्या टाक्यातून फाटलं? बटन हाडाची साल फोडून आत आलं? स्क्रूच टेंडनसकट बाहेर पडला? स्क्रूच्या आट्यांनी टेंडन करवतीसारखं कापलं? प्रत्येकाचा इलाज वेगळा. सोबत फोटो, पट्टी शेजारी ठेवून.

टेंडन धरायची कथा याहून मोठी आहे. ओलं टेंडन म्हणजे साबण लावलेली ओली दोरी. घट्ट आवळलं तर जॉपाशी चिरडून तुटतं, सैल धरलं तर निसटतं. आम्ही वाळूचा कागद लावून बघितला, जाड कापड गुंडाळून बघितलं, मामांनी लाटांसारख्या दातांचे जॉ मिलिंग करून दिले. सहाशे-सातशे न्यूटनपर्यंत ठीक, पुढं सरकायचंच. शेवटी पुस्तकातला उपाय: जॉमध्येच टेंडन गोठवायचं. गोठलेलं टोक लाकडासारखं कडक होतं, मधला भाग मऊ राहतो.

गोठवायला काय? माझ्या डोक्यात आलं, गावोगावी म्हशींच्या कृत्रिम रेतनाला येणाऱ्यांच्या मोटरसायकलीला तो चंदेरी कॅन लावलेला असतो, त्यात द्रव नायट्रोजन असतो. ओळखीतून थोडा मिळवला. फारच हुशारी झाली ती. उणे १९६ अंश! टेंडन जॉच्या बाहेरपर्यंत गोठलं आणि ओढताच गाजरासारखं कट्कन मोडलं. मग कोरडा बर्फ आणला, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. जॉला बाजूनं खण करून त्यात तो भरला, जॉच्या कडेला पांढरी हिमाची रेघ दिसेपर्यंत थांबलो आणि लगेच टेस्ट सुरू केली. मधल्या भागावर सलाईनचा फवारा चालू. पहिल्यांदा टेंडन जिथं सुटायला हवं तिथं, म्हणजे स्क्रूपाशी सुटलं आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. एक सावधगिरी: कोरडा बर्फ बंद खोलीत वापरू नका, त्याचा वायू तळाशी साचतो, आणि हातात जाड मोजे हवेतच.

हाड आणि टेंडन कुठून आणायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि विचारायला लाजही वाटते. परदेशी अभ्यासांत वासरांच्या पायाचे टेंडन आणि डुकराचे गुडघे सर्रास असतात. आपल्याकडं गोवंशाचं काही वापरता येत नाही. आम्ही म्हशीचे टेंडन आणि डुकराचे गुडघे वापरतो. सरावाला बोकडाचे पाय पुरतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी करत असाल तर नीतिमत्ता समितीला आधी लेखी कळवा, मागाहून कागद गोळा करताना दमछाक होते. आणलेला नमुना सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून, पिशवीवर तारीख टाकून उणे २० अंशांना ठेवायचा. वितळवायचा एकदाच. पुन्हा गोठवलेला नमुना आम्ही बाद धरतो. फ्रीजरवर मोठ्या अक्षरात पाटी लावा. आमच्याकडं एकानं दसऱ्याला त्यात श्रीखंडाचा डबा ठेवला होता. नंतर ते कुणी खाल्लं नाही.

डुकराच्या हाडात एक फसवणूक आहे. ते तरुण माणसाच्या हाडापेक्षाही दाट असतं, त्यामुळं स्क्रूला त्यात झकास पकड मिळते आणि आकडे खुशीत येतात. ऑस्टिओपोरोसिसनं हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या नडगीत तोच स्क्रू तसा वागेल असं समजू नका. बटनाला हा फायदा तेवढा मिळत नाही, कारण ते आतल्या जाळीदार हाडावर नाही, बाहेरच्या सालीवर टेकलेलं असतं. ज्यांना जिवंत हाडाचा लहरीपणा नको ते पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे वापरतात. एएसटीएम एफ १८३९ या अमेरिकी मानकात त्यांच्या घनतेच्या श्रेणी आहेत. ग्रेड १० म्हणजे साधारण ०.१६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ग्रेड २० म्हणजे ०.३२. पहिला हलक्या हाडासारखा, दुसरा बऱ्यापैकी दाट. फोम दोन स्क्रूंची एकमेकांशी तुलना करायला चांगला. त्यावरून पेशंटबद्दल बोलायला लागलात की डॉक्टर तुम्हाला गप्प करतील, आणि बरोबर करतील.

स्क्रूबद्दल थोडं. त्याचं नावच इंटरफिअरन्स स्क्रू. आपण शाफ्ट आणि बेअरिंगला जो इंटरफिअरन्स फिट देतो तोच विचार: बोगद्याच्या भिंतीत आणि टेंडनच्या मधे घुसून दोघांना एकमेकांवर दाबायचं. १९८३ मध्ये लॅम्बर्ट यांनी साधा ६.५ मिमीचा हाडाचा स्क्रू असा वापरला. १९८७ मध्ये कुरोसाका यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर स्टेपल, बटनावर बांधलेले धागे, तो ६.५ चा स्क्रू आणि मुद्दाम बनवलेला ९ मिमीचा जाड स्क्रू यांची तुलना केली. जाड स्क्रू सुमारे ४७६ न्यूटनला सुटला आणि सगळ्यात वरचढ ठरला. त्यांचा निष्कर्ष तोच, की कच्ची जागा दोरीत नाही, धरण्यात आहे. स्क्रूचा व्यास, बोगद्याचा व्यास, लांबी, तिरका गेला का, घालताना टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, किती लागला, हे सगळं नोंदवा. टॉर्क नोंदवायला नवीन मुलं हमखास विसरतात. स्क्रू टायटॅनियमचा आहे की पीक (PEEK) नावाच्या प्लॅस्टिकचा की शरीरात विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक ॲसिडचा, यावरून तो सुटतो कसा हे बदलतं. विरघळणारा स्क्रू कधी कधी घालतानाच डोक्यापाशी मोडतो. पण ताकदीपेक्षा या निवडीत एमआरआयचं चित्र किती खराब होईल, पुढं पुन्हा ऑपरेशन लागलं तर काय, असे डॉक्टरांचे प्रश्न जास्त असतात. त्यात आपण पडू नये.

आता जे मला शिकायला सगळ्यात उशीर लागला ते. तुटण्याचा आकडा तितका महत्त्वाचा नाहीच. फौंड्रीच्या सवयीनं मी 'किती न्यूटनला गेलं' एवढंच बघायची. पेशंटचं साधन बहुधा एका झटक्यात तुटत नाही, ते हजारो पावलांत मिलिमीटर-मिलिमीटर सरकतं. ऑपरेशन केलेला गुडघा दुसऱ्यापेक्षा ३ मिमीहून जास्त पुढं सरकत असेल तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, ५ च्या पुढं गेला तर बहुतेक जण ऑपरेशन फसलं म्हणतात. ३ मिमी! वाळू साच्यात कास्टिंग करणाऱ्यांसाठी ही टॉलरन्सच नाही. म्हणून आधी फेऱ्यांची टेस्ट करायची. ५० ते २५० न्यूटन, सेकंदाला एक, हजार फेऱ्या. म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. कौसांच्या अभ्यासात ५० ते २०० न्यूटनच्या १५०० फेऱ्या होत्या, दोन सेकंदाला एक, म्हणजे पन्नास मिनिटं. त्यानंतर उरलेल्याला तुटेपर्यंत ओढायचं. सातशेव्या फेरीला लाइट गेली की नमुना गेला. यूपीएस यंत्राबरोबरच मागवा, नंतर कुणी मंजूर करत नाही.

फेऱ्यांत लांबी वाढली म्हणजे स्क्रू सरकला असं लगेच म्हणू नका. टेंडन स्वतःही ताणलं जातं, पहिल्या काही फेऱ्यांत जास्तच. म्हणून सुरुवातीला दहा-वीस हलक्या फेऱ्या देऊन ते बसवून घ्यायचं, बोगद्याच्या तोंडाशी टेंडनवर शाईचा ठिपका द्यायचा आणि मोबाइलनं का होईना, व्हिडिओ घ्यायचा. ठिपका हाडापासून लांब गेला तर सरकलं. ठिपका जागेवर राहून वरची लांबी वाढली तर ताणलं. क्रॉसहेडचा, म्हणजे यंत्राच्या सरकणाऱ्या आडव्या दांड्याचा, आकडा या दोन्हींची बेरीज सांगतो, वर पकडीतली सरक फुकट.

ताठपणाचं गणित तुम्हाला दुसऱ्या वर्षालाच शिकवलेलं आहे, एकापुढं एक जोडलेल्या स्प्रिंगांचं. समजा चार पदरी दोरीचा ताठपणा मिलिमीटरला ७७५ न्यूटन, मांडीच्या बाजूच्या साधनाचा २००, नडगीच्या बाजूचा १५०. उलट्यांची बेरीज करून उलटा करा: सगळ्या साखळीचा येतो सुमारे ७७. शाबूत एसीएलचा २४२. आता दोरी दुप्पट ताठ करा. ७७ चा ८१ होतो, बस्स. त्याऐवजी नडगीच्या बाजूचा १५० चा ३०० करा, १०४ होतो. हे गणित मी एका डॉक्टरांना चहाच्या टपरीवर पावतीच्या मागं करून दाखवलं. ती पावती त्यांनी खिशात घातली. माझ्या आठवणीत या क्षेत्रातली माझी पहिली ओळख तिथं झाली, कुठल्याही सर्टिफिकेटनं नाही.

कागदपत्रांबद्दल. बायोमेडिकलवाल्यांपेक्षा फौंड्रीवाले इथं पुढं असतात. ज्यानं प्रत्येक हीट नंबरचा माग वितळवण्यापासून ग्राहकाच्या गोदामापर्यंत ठेवलाय त्याला लॉट नंबरची ट्रेसेबिलिटी शिकवावी लागत नाही. नियम तेवढे नवे वाचावे लागतात. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. साधनांचे धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत, हाडात राहणारे असे इम्प्लांट बहुधा सी वर्गात येतात आणि त्यांचा परवाना सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून लागतो. आयएसओ १३४८५ गुणवत्तेच्या व्यवस्थेचं, १४९७१ धोक्याच्या व्यवस्थापनाचं, १७०२५ टेस्टिंग लॅबचं. तिन्ही पाठ करायची गरज नाही. १७०२५ मात्र नीट वाचा, कारण लॅबला मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे लोक त्यातूनच प्रश्न विचारतात.

शरीररचना शिकायला मला लाज सोडावी लागली. एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीनं मला मजल्यावर बसवून माझ्याच गुडघ्यावर सगळं दाखवलं. डॉक्टरांशी बोलताना त्यांचे शब्द धरा. आपण टॉर्क म्हणतो तिथं ते 'बाइट चांगला आला' म्हणतात, आणि त्यांच्या हाताला तो खरंच कळतो. एका सर्जननी मला दोन फोम ठोकळ्यांत स्क्रू घालून घनतेचा फरक डोळे मिटून सांगितला होता.

पगार सुरुवातीला फौंड्रीपेक्षा कमी मिळाला, हे लपवत नाही. घरी 'मटणाचं काम' म्हणून चिडवलं गेलं ते वेगळं. आईनं माझा जेवणाचा डबा वर्षभर वेगळ्या फडताळात ठेवला.

ज्यांना आधी हात लावून बघायचाय त्यांच्यासाठी: बोकडाचे दोन पाय आणा, सांध्याजवळची पांढरी शीर, म्हणजे टेंडनच, सोडवून घ्या, एक टोक कुठल्याही लॅबच्या जॉमध्ये धरून दुसऱ्या टोकाला टाके घालून ओढा. कुठून सुटतं ते लिहून काढा, न्यूटन नंतर. आमच्या गल्लीतलं दुकान सकाळी सहाला उघडतं. बुधवारी आणि रविवारी जाऊ नका, तांबड्या-पांढऱ्यावाल्यांची रांग असते आणि तुम्ही "मांस नको, नुसती शीर द्या" म्हणालात तर मागचे ऐकून घेणार नाहीत.